स्टिअरिंग वाकडं, गाडी सरळ : व्हील अलाइनमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आगेमागे टायरच्या दुकानांबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. दोन-अडीच महिने खड्ड्यांतून काढलेले असतात, कोकणात जाऊन आलेलं असतं किंवा जायचं असतं, आणि स्टिअरिंग घड्याळातल्या अकरावर जाऊन बसलेलं असतं. यावरचा इलाज म्हणजे व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून जागेवर आणणं. खालचे प्रश्न बहुतेक त्याच दिवसांतले. उत्तरं नेहमीच्या हॅचबॅक-सेडान डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत : इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, स्टिअरिंग रॅक-पिनियनचं. जुन्या जीपवाल्यांसाठी शेवटचा प्रश्न आहे.

स्टिअरिंग वाकडं आहे, पण गाडी सरळ जाते. मग नेमकं बिघडलंय काय?

स्टिअरिंगच्या दांड्याखाली आडवा रॅक असतो. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक टाय रॉड, आणि टाय रॉडचं दुसरं टोक चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्यासोबत वळतं त्या भागाला. या दोन दांड्यांच्या लांबीचा मेळ असला की स्टिअरिंग मधोमध असताना दोन्ही चाकं सरळ राहतात. एक दांडा आखूड आणि दुसरा लांब झाला, की स्टिअरिंग मधोमध धरल्यावर दोन्ही चाकं एकाच बाजूला वळलेली राहतात. गाडी सरळ न्यायची तर तेवढं स्टिअरिंग उलट फिरवून धरावं लागतं. तुम्हाला दिसतं ते वाकडेपण एवढंच.

यात टायर झिजेलच असं नाही. दोन्ही चाकं एकमेकांशी बरोबर असतील तर फक्त स्टिअरिंग डोळ्यांना खुपतं, बाकी काही नाही. पण ती एकमेकांशी बरोबर आहेत का, हे बघून कळत नाही. मोजावंच लागतं.

वाकडेपण कधी आलं, ते आधी आठवा. कालच अलाइनमेंट करून आणली आणि आज वाकडं दिसतंय, तर काम करणाऱ्याने स्टिअरिंग नीट बांधलं नव्हतं. गाडी परत न्या, पुन्हा करून मागा, पैसे द्यायची गरज नाही. खड्ड्यात किंवा दुभाजकावर आपटल्यावर वाकडं झालं असेल तर काहीतरी वाकलंय किंवा सैल झालंय. तिथे आधी अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया.

गाडी डावीकडे ओढते. हीही अलाइनमेंटचीच तक्रार ना?

कधीकधी. वाकडं स्टिअरिंग आणि ओढणारी गाडी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुकानात दोन्ही एकाच दमात सांगितल्या, की ऐकणाराही गोंधळतो.

पहिलं म्हणजे रस्ता. आपल्याकडचे साधे दुपदरी रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी निघून जावं म्हणून. आपण डावीकडून चालतो, तेव्हा गाडी हळूहळू डावीकडे सरकणं स्वाभाविक आहे. रिकाम्या, सपाट जागी बघा. स्टिअरिंगवरची पकड फक्त सैल करा, हात सोडू नका. तिथेही ओढत असेल तर चारही टायरची हवा मोजा, तीही टायर थंड असताना. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. एका पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली, की गाडी त्या बाजूला ओढते.

हवा बरोबर असेल तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा (एकाच दिशेने फिरणारे, बाणाची खूण असलेले टायर सोडून). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरच्या बांधणीत आहे, आणि कितीही अलाइनमेंट केली तरी तो जाणार नाही. नव्या टायरमध्येही असा दोष निघतो. टायर बदलूनही ओढ तिथेच राहिली तर ब्रेक अडकतोय का पाहा : दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर कॅलिपर (ब्रेक दाबून धरणारा भाग) सुटत नाहीये. हे सगळं ठीक निघाल्यावरच चाकांच्या कोनांकडे, कॅम्बर-कॅस्टरकडे वळायचं (ते काय, ते खाली सांगितलंय).

ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

ते बॅलन्सिंग. चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही किंवा रिम वाकलंय. अलाइनमेंटने थरथर जात नाही. वजन जुळवायला रिमला लावलेला शिशाचा एखादा तुकडा पडला असेल, तो आधी बघा.

टो, कॅम्बर, कॅस्टर हे समजून घ्यायलाच हवं का?

टो तरी घ्या. वरून पाहिलं तर दोन्ही पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित जवळ आलेली आहेत की फाकलेली, ते म्हणजे टो. टायर सगळ्यात जास्त खातो तो हाच, आणि सुदैवाने सहज लावता येतो तोही हाच.

किती खातो, त्याचा हिशोब करू. पंधरा इंची रिमच्या कडेवर मोजलं आणि एकूण टो ३ मिमीने चुकला आहे असं धरलं, तर प्रत्येक चाक सरळ रेषेपासून साधारण ०.२ अंश तिरकं आहे. ऐकायला काहीच नाही. पण एवढ्याने प्रत्येक चाक दर किलोमीटरमागे पावणेचार मीटर आडवं घासत जातं. १०,००० किमीला ते साडेसदतीस किलोमीटर झालं. चाकं आत वळलेली असतील तर बाहेरची कड झिजते, बाहेर फाकलेली असतील तर आतली. आतली कड उभ्याने दिसत नाही, म्हणून लोकांना ती तारा बाहेर आल्यावर कळते. स्टिअरिंग पूर्ण वळवून उभं करा आणि टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, की टो बिघडलाय.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर झुकलेलं असणं. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहताना चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते मुख्यतः कॅस्टरमुळे. डाव्या-उजव्या बाजूंत फरक पडला तर गाडी ओढते : ज्या बाजूचा कॅस्टर कमी तिकडे, ज्या बाजूचा कॅम्बर जास्त बाहेर झुकलेला तिकडे.

अलाइनमेंटला नेण्याआधी काय बघून घ्यावं?

सैल गाडीची अलाइनमेंट होत नाही. मशीन आकडे दाखवेल, हिरवेही (म्हणजे मर्यादेतले) दाखवेल, आणि दुकानाबाहेरच्या पहिल्या स्पीडब्रेकरवर ते बदलतील.

पुढचं चाक जॅकवर उचला, जॅक स्टँड लावा. चाक नऊ-तीनवर दोन्ही हातांनी धरून ढकला-ओढा. खडखड जाणवली तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड गेलाय. मग बारा-सहावर धरा. तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) हाताने कळत नाहीत, टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, रेटून रबर फाटलंय का ते पाहावं लागतं. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला जाते आणि सोडला की परत येते, अशी तक्रार असेल तर बुशवर पहिला संशय घ्या.

डिकीतलं सामानही काढा. गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं डिकीत ठेवून अलाइनमेंट करायला येणारे कमी नाहीत.

दुकानात काम कसं व्हायला हवं? नेमकं कुठे चुकतं?

याच प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा देतोय, कारण वाकडं स्टिअरिंग बहुतेक वेळा इथेच तयार होतं.

गाडी रॅम्पवर येते, पुढची चाकं फिरत्या थाळ्यांवर. चारही चाकांना क्लॅम्प आणि त्यावर टार्गेट (खुणांच्या पाट्या) लावतात, समोरचे कॅमेरे ते वाचतात. मग गाडी थोडी मागे-पुढे ढकलायची असते, म्हणजे रिम किंवा क्लॅम्प किंचित वाकडा असला तरी मशीन त्याची वजाबाकी करून घेतं. घाईत ही पायरी उडवली, की पुढचे सगळे आकडे संशयास्पद.

चारही चाकांना टार्गेट का, ते समजून घ्या. गाडी सरळ कुठे जाणार हे मागची चाकं ठरवतात. मागचा ॲक्सल किंचित तिरका असेल तर गाडी त्या तिरक्या रेषेत ढकलली जाते आणि पुढच्या चाकांना तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. पुढचा टो मागच्या चाकांनी ठरवलेल्या या रेषेच्या संदर्भात लावला, तर स्टिअरिंग मधोमध येतं. फक्त पुढची दोन चाकं मोजून लावला, तर टायर वाचतात पण स्टिअरिंग वाकडं राहू शकतं. ‘पुढचंच करू, मागे काही नसतं’ म्हणणाऱ्याला चारही लावायला सांगा.

आता कळीची पायरी. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे थोडं हलवून मधोमध आणायचं, इंजिन बंद करायचं आणि स्टिअरिंग होल्डरने सीटला टेकवून घट्ट बांधायचं. त्यानंतरच टाय रॉडची लांबी पक्की धरणारे चेकनट सैल करायचे. डाव्या चाकाचा टो वेगळा आणि उजव्याचा वेगळा, दोन्ही बरोबर झाले की नट आवळायचे. आवळताना दांडा थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा स्क्रीन बघायची. होल्डर न लावता, पोऱ्याला स्टिअरिंग धरायला बसवून काम उरकतात तिथे तो मोबाइल बघायला वळला की दोन-चार अंश गेलेच.

तुम्ही शेजारी उभं राहून हे बघू शकता. कोणी हाकलत नाही. हाकललं तर दुसरं दुकान शोधा.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी एक चक्कर मारून या, शक्यतो त्याच माणसाला शेजारी बसवून.

प्रिंटमध्ये काय बघायचं?

आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही छापून घ्या. फक्त नंतरचे देत असतील तर काय बदललं ते कळायला मार्ग नाही. वरच्या कोपऱ्यात मॉडेलचं नाव तुमच्याच गाडीचं आहे का बघा. दुसऱ्याच गाडीची मापं निवडलेली असतात आणि सगळं हिरवं येतं.

डाव्या-उजव्या पुढच्या चाकांचा टो जवळपास सारखा हवा. एकूण टो हिरवा, पण डावा अधिक आणि उजवा उणे असेल, तर स्टिअरिंग वाकडं असणारच. आकडे अंश-कलांत आहेत की दशांशात, तेही बघा. ०°१०' म्हणजे ०.१० अंश नव्हे, ०.१७ अंश, कारण एका अंशात ६० कला असतात.

सरळ स्टिअरिंग व्हीलच काढून एक दात सरकवून बसवलं तर?

हा सल्ला हमखास मिळतो. मानू नका. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते आणि तिच्यामागे तारांची गुंडाळी. ती चुकीच्या जागी बसली तर एखाद्या पूर्ण वळणाला तुटते, मग एअरबॅगचा दिवा आणि मुका हॉर्न. शिवाय एका दाताने स्टिअरिंग अनेक अंश सरकतं, त्यामुळे किरकोळ वाकडेपणा त्याने जुळतही नाही. टो चुकलेला असेल तर तो तसाच राहतो.

एकच अपवाद : आधीच कोणीतरी स्टिअरिंग काढून चुकीचं बसवलेलं असेल. ते ओळखायला सोपं आहे. पुढची चाकं उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फेरे मोजा, निम्म्यावर आणा. रॅक मधोमध आला. आता खाली वाकून दोन्ही टाय रॉडचे उघडे आटे बघा. दोन्हीकडे साधारण सारखे दिसत असतील आणि तरीही स्टिअरिंग वाकडं असेल, तर कोणाचा तरी हात फिरलाय. एका बाजूला पाच आटे आणि दुसरीकडे पंधरा दिसत असतील, तर इलाज टाय रॉडवरच आहे.

घरी करता येईल का?

टो चांगला आहे हे माहीत असेल आणि फक्त स्टिअरिंग मधोमध आणायचं असेल, तर हात बसलेल्या माणसाला जमतं. नवे टाय रॉड एंड टाकल्यावर दुकानापर्यंत गाडी नेण्यापुरतंही जमतं.

सपाट रस्त्यावर सरळ जाताना स्टिअरिंग किती सरकलंय ते मोजा. व्हीलवर आणि मागच्या प्लॅस्टिक कव्हरवर कागदी टेपचे दोन तुकडे लावून खूण करा. ३७ सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर १० अंश म्हणजे कडेवर जवळपास सव्वातीन सेंटीमीटर.

मग दिशा. स्टिअरिंग डावीकडे कललेलं असेल तर डावा टाय रॉड आखूड आणि उजवा तेवढाच लांब करायचा. उजवीकडे कललेलं असेल तर उलट. हे रॅक ॲक्सलच्या मागे असलेल्या गाड्यांना लागू आहे, पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच असतात. टाय रॉड ॲक्सलच्या पुढच्या बाजूला जोडलेला दिसला तर दिशा उलटी धरा.

किती फिरवायचं? आट्यांमधलं अंतर १.५ मिमी, नकलचा हात १३० मिमी, स्टिअरिंगचं गुणोत्तर १६ (चाक एक अंश वळायला स्टिअरिंग सोळा अंश) धरलं, तर दोन्ही बाजूंना एकेक पूर्ण फेरा दिल्यावर स्टिअरिंग दहा-साडेदहा अंश सरकतं. गाडीगणिक हे बदलतं, म्हणून आधी अर्धा फेरा देऊन बघा. दोन्हीकडे सारखंच आणि उलट फिरवलं तर एकूण टो जागेवर राहतो. एकाच बाजूला फिरवलं तर स्टिअरिंग निम्मंच सरकतं आणि टो मात्र पूर्ण बिघडतो.

चेकनट सैल करताना टाय रॉड एंडला दुसरा पाना लावून धरा, नाहीतर बॉल जॉइंट पिळला जातो. रॅकच्या रबरी बूटची बाहेरची क्लिप सोडा. ती न सोडता दांडा फिरवला की बूट पिळून फाटतो, आत चिखल जातो आणि वर्षभरात रॅकचं काम निघतं. किनाऱ्यालगतच्या गाड्यांमध्ये, रत्नागिरी-मालवणपासून गोव्यापर्यंत, हे नट खाऱ्या हवेने गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, नट हलेना म्हणून पाइप लावून झटके देऊ नका.

टो मोजायचा असेल तर गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर नायलॉनची दोरी ताणून बांधा. दोरी पुढच्या हबपासून डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर हवी, मागच्या हबपासूनही तशीच. पुढचं आणि मागचं अंतर आपसात वेगळं असेल, त्याने बिघडत नाही. मग दोरीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंत मोजा. पुढची कड दोरीपासून जास्त लांब म्हणजे चाक आत वळलेलं. प्रत्येक बदलानंतर गाडी दोन-तीन मीटर मागे-पुढे ढकला, मगच पुन्हा मोजा.

एवढं झाल्यावरही एकदा मशीनवर तपासून घ्या. काहीशे रुपयांचं काम आहे.

कॅम्बर लाल दाखवतोय. दुकानदार म्हणतो, जॅक लावून वाकवून देतो.

नको म्हणा. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या कॅम्बरला कंपनीकडून वेगळी सोय नसते, त्यामुळे तो लाल असेल तर काहीतरी कारण असतं : वाकलेला शॉक ॲब्सॉर्बर, वाकलेली नकल, दबलेली स्प्रिंग, गेलेला बुश, सरकलेला सबफ्रेम. हायड्रॉलिक जॅकने रेटून शॉक ॲब्सॉर्बर वाकवला की स्क्रीन हिरवी होते आणि वाकलेल्या भागाच्या जोडीला आणखी एक भाग वाकतो. शॉक ॲब्सॉर्बर आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांत थोडी जागा असते, ती वापरून किंवा कॅम्बर बोल्ट टाकून फरक निघत असेल तर हरकत नाही.

मागच्या चाकांची करता येते का?

मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा भाग) असेल, आणि बहुतेक हॅचबॅकना तोच असतो, तर लावण्याजोगं काही नसतं. माप चुकलं तर बीम किंवा हब वाकलंय. स्वतंत्र मागचं सस्पेन्शन असलेल्या मोठ्या गाड्यांत टो आणि कधीकधी कॅम्बरही लावता येतो, आणि तिथे मागचं आधी, पुढचं नंतर.

किती किलोमीटरला करावी?

दुकानं ५,००० म्हणतात. रस्ते बरे असतील तर १०,००० किमीला, टायरच्या जागा आलटून-पालटून बदलताना तपासून घेणं पुरे. आकडे हिरवे असतील तर हात लावू देऊ नका. उगाच सैल केलेला नट हेही बिघाडाचं कारण असतं. टाय रॉड, लोअर आर्म, रॅक किंवा शॉक ॲब्सॉर्बरचं काम झालं, किंवा मोठा आपटा बसला, तर किलोमीटर न मोजता लगेच.

अलाइनमेंटनंतर डॅशबोर्डवर दिवा लागला.

ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून सांभाळणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत स्टिअरिंग किती वळलंय ते सांगणारा सेन्सर असतो. आधी वाकडं स्टिअरिंग हेच ‘सरळ’ असं तो शिकलेला असेल तर आता गोंधळतो. काही गाड्यांत थोडं सरळ चालवलं किंवा स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं की दिवा जातो, काहींमध्ये स्कॅनर लावून शून्य द्यावा लागतो. लेनमध्ये गाडी धरून ठेवणारी यंत्रणा असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, काही मॉडेलमध्ये कॅमेरा पुन्हा लावून घ्यावा लागतो.

टायर एका कडेने झिजलाय. अलाइनमेंट केली की आवाज जाईल ना?

नाही. झिजलेलं रबर परत येत नाही, आवाज टायर बदलेपर्यंत राहील. टायर मागे टाकून बघा, थोडा कमी जाणवेल. तारा दिसत असतील तर मागेही टाकू नका, बदला.

माझी जुनी लीफ स्प्रिंगची जीप आहे. टाय रॉड फिरवूनही स्टिअरिंग मधोमध येत नाही.

येणारही नाही. तुमच्याकडे पुढे अखंड ॲक्सल आहे. टाय रॉड दोन चाकांना एकमेकांशी जोडतो, त्यावर फक्त टो बदलतो. स्टिअरिंग बॉक्सपासून निघालेला दांडा, ड्रॅग लिंक, वेगळा असतो आणि स्टिअरिंग मधोमध आणायचं ते त्याची लांबी बदलून. आधी टो लावा, मग गाडी सरळ उभी करून ड्रॅग लिंक फिरवा. बॉक्स मधोमध असताना स्टिअरिंग सरळ हवं, कारण बॉक्सचा प्ले तिथेच सगळ्यात कमी ठेवलेला असतो. मधोमध असूनही स्टिअरिंग मोकळं हलत असेल तर बॉक्स, ड्रॅग लिंकचे जॉइंट आणि किंगपिन बघून घ्या, आणि स्प्रिंगचे यू-बोल्ट आवळलेले आहेत का तेही.